भीतीची साक्ष

गेल्या २६ जूनच्या संध्याकाळी आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळात एक जुना बोलपट दाखवण्यात आला, आणि तो पाहून जमलेली मुले पोट धरून हसली. बोलपट विनोदी नव्हता. तरुणांना अमली पदार्थांच्या वाटेवरून मागे फिरवावे, निदान त्यांच्या मनात धाक बसावा, एवढ्याचसाठी तो काढलेला होता. आणि आम्हीही तो त्याच हेतूने लावला होता. निवड आमची होती, हे प्रथमच कबूल करतो. सभा आटोपून घरी परतताना एक प्रश्न मनात सलू लागला, तो अजून गेलेला नाही : भय घालण्यासाठी केलेली कृती हास्यास्पद का होते, आणि ती तशी झाली म्हणजे नुकसान कोणाचे होते? त्याचा विचार वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

२६ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली अमली पदार्थविरोधी दिन म्हणून ठरवला. त्याचा संबंध १८३९ च्या जून महिन्याशी जोडला जातो. त्या महिन्यात लिन झेशू ह्या चिनी अधिकाऱ्याने हूमेन येथे परदेशी व्यापाऱ्यांकडून घेतलेली वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. ह्या दूरच्या घटनेत आमचे काय, असे कोणी विचारील. परंतु त्या पेट्यांत माळव्याची अफू मोठ्या प्रमाणावर होती. आणि उज्जैन, मंदसौर, नीमच हा माळव्यातला मुलूख शिंद्यांचा, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानचा होता. तेथला माल मुंबईस उतरे. इंग्रजांचा कर चुकवायचा झाला तर पोर्तुगीजांच्या दमणास जाई, आणि तेथून चीनकडे रवाना होई. आजही त्या भागात सरकारी परवान्याने खसखशीची शेते फुलतात, आणि ते परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्य कार्यालय आमच्याच मुरारमध्ये आहे. तेव्हा हा दिवस पाळण्याचा ग्वाल्हेरकरांना जितका अधिकार, तितकेच त्याचे ओझेही आहे.

आता त्या बोलपटाविषयी. तो १९३६ सालचा, अमेरिकेतला. दिग्दर्शक लुई गास्निए. मूळ नाव ‘टेल युअर चिल्ड्रन’, म्हणजे ‘आपल्या मुलांना सांगा’. पुढे तो ‘रीफर मॅडनेस’ ह्या नावाने जगाला ठाऊक झाला. कथा कल्पित असली तरी त्याने वेष अनुबोधपटाचा घेतला आहे. आरंभी पडद्यावरून गंभीर अक्षरांचा इशारा सरकत जातो. मग एक शाळाप्रमुख पालकांची सभा भरवून व्याख्यान देऊ लागतात, आणि त्यांच्या तोंडून गोष्ट उलगडते : गांजा भरलेल्या विड्या ओढायला लावणारे एक बिऱ्हाड, तेथे ओढली जाणारी शाळकरी मुले, आणि त्यानंतर अनर्थांची रांग. एक मुलगा मोटार चालवताना पादचाऱ्याला उडवतो. एक निरपराध मुलगी गोळी लागून मरते, आणि तिच्या खुनाचा आळ तिच्याच मित्रावर येतो. एक स्त्री खिडकीतून उडी घेते. एक तरुण कायमचा वेडा होतो. पियानो वाजवणारा एक इसम तर विडीचे झुरके घेत असे डोळे वटारतो की आमच्या सभागृहातल्या हास्याचा पहिला स्फोट तेथेच झाला. अखेरीस शाळाप्रमुख प्रेक्षकांकडे बोट रोखून बजावतात की उद्या हीच पाळी तुमच्या मुलांवर येईल. आमच्याकडे त्या बोटालाही टाळ्या पडल्या.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. ड्वेन एस्पर नावाच्या एका धंदेवाईक गृहस्थाने हा बोलपट विकत घेतला, त्यात चाळवणारे तुकडे जोडले, आणि ‘इशारा’ ह्या पाटीखाली तो गावोगाव तिकिटे लावून दाखवला. कालांतराने तो विस्मृतीत गेला. १९७२ साली, गांजाबंदीचे कायदे बदलावेत म्हणून झटणाऱ्या संस्थेचे संस्थापक कीथ स्ट्रूप ह्यांना तो वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये सापडला. त्यांनी २९७ डॉलरना त्याची प्रत घेतली आणि विद्यापीठांतून खेळ लावले. विद्यार्थी गर्दी करून आले, हसले, आणि त्या हास्याचे पैसे बंदीविरोधी चळवळीला मिळाले. प्रताधिकाराची सूचना नियमाप्रमाणे छापलेली नसल्यामुळे बोलपट सर्वांना मोकळाच होता. परवानगीचा खर्च नाही, हा कायदेशीर मुद्दा मंडळाच्या बैठकीत आम्हीच अभिमानाने मांडला होता! ज्या पक्षाने साक्षीदार उभा केला, त्याच्या साक्षीवर विरुद्ध पक्षाने दावा जिंकावा, असा हा प्रकार. तो माहीत असता तर आम्ही निवडीपूर्वी एकदा तरी थांबलो असतो.

हसण्यासारखे केवळ परदेशातच घडते असे मात्र कोणी समजू नये. स्वतंत्र भारतात १९४८ साली ‘फिल्म्स डिव्हिजन’ स्थापन झाले, आणि त्याचे बोधपट मुख्य खेळाआधी दाखवणे चित्रपटगृहांना भाग पडले. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यात तशी तरतूद आहे, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. निर्णय योग्यच होता. परंतु चित्रपटगृहाच्या मालकावर दाखवण्याचे बंधन घालता येते, प्रेक्षकावर पाहण्याचे घालता येत नाही. तो बोधपट संपेपर्यंत बाहेर शेंगदाणे खात उभे राहणारी पिढी आम्ही पाहिली आहे, आणि तीत आम्हीही होतो. त्या बोधपटांत काही उत्तम होते. तथापि उपदेश ऐकणाऱ्याला आपल्याशी कोणी बोलत आहे असे वाटले नाही, केवळ आपल्यावर बोलले जात आहे असे वाटले, तर कान बंद होतात. आणि त्यावर कोणत्याही कायद्याचे कलम चालत नाही.

आमचा व्यवसाय उलटतपासणीचा. साक्षीदार नव्व्याण्णव गोष्टी खऱ्या सांगून एक खोटी सांगताना सापडला, तर त्या नव्व्याण्णवांचे वजनही उतरते, हा अनुभव न्यायालयात रोजचा आहे. बोधपट हा साक्षीदारच होय. त्याची उलटतपासणी ज्या वकिलाकडून व्हायची, तो सोळा वर्षांचा असतो, आणि त्याच्याइतका निष्ठुर वकील आम्ही आजवर पाहिला नाही. एका विडीने खून होतात, असे पडद्यावर सांगितले. त्याच्या शेजारच्या मित्राने विडी ओढली आणि खून झाला नाही. मुलाच्या दृष्टीने खटला तेथेच निकालात निघाला. पुढे हेच वडीलधारे त्याला सांगतात की हेरॉइनची सुई जीव घेते. हे मात्र अक्षरशः खरे आहे. पण ते सांगणारे तोंड तेच, आणि त्या तोंडाची पत आधीच गेलेली. खोट्या इशाऱ्याने खऱ्या इशाऱ्याचा गळा असा घोटला जातो. ह्यात बोलपटकर्त्याचे काही जात नाही, मुलाचे जाते.

ह्या बाबतीत आपल्याच भूमीवर एक मोठी उलटतपासणी होऊन गेली आहे. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस ह्यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून १,१९३ साक्षी घेतल्या. गांजाने माणसे वेडी होतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता आणि आधाराला वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या दाखवल्या जात. आयोगाने त्या वह्या उघडल्या. ‘वेडाचे कारण’ ह्या रकान्यात काहीतरी लिहिणे प्राप्त, म्हणून पोलिसांकडून आलेल्या कागदावरून, पुरती विचारपूस न करता, ‘गांजा’ असे अनेकदा लिहिले गेल्याचे आढळले. १८९४ च्या अहवालात आयोगाने अतिसेवनाची हानी नाकारली नाही. माफक आणि बेसुमार ह्यांत त्याने भेद केला, आणि सरसकट बंदीची शिफारस केली नाही. त्या निष्कर्षाची चिकित्सा आजच्या वैद्यकाच्या आधारे जरूर करावी. कोवळ्या वयात आणि नित्य गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आज अधिक स्पष्ट झाले आहे. पण वही उघडून पाहण्याची आयोगाची ती वृत्ती त्या बोलपटात औषधालाही नाही.

खेळ संपल्यावर एका मुलाने हात वर केला. प्रश्न नम्र होता, पण नेम अचूक होता. “काका, महाकालाला भांगेचा शृंगार होतो, शिवरात्रीला प्रसाद म्हणून भांग घेतात. मग ती चालते का?” सभागृहात एकदम शांतता पसरली. उज्जैनचे महाकाल मंदिर, त्याचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर ह्यांनी केला. मंगेशी-शांतादुर्गेच्या भक्तांपैकी हा पुरुष, म्हणून आमच्या समाजाला त्या देवळाचा दुहेरी अभिमान. प्रश्न परका नव्हता, घरातला होता. एका वडीलधाऱ्यांनी “देवाच्या बाबतीत असे विचारू नये” म्हणून मुलाला खाली बसवले. आम्ही गप्प राहिलो. ती आमची त्या संध्याकाळची दुसरी चूक.

वास्तविक उत्तर अवघड नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे त्या झाडाचा राळेसारखा चीक आणि फुलोरा, निषिद्ध ठरवला. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या अबकारी नियमांकडे राहिली. कायद्याने सूट दिली म्हणून पानांतले द्रव्य निराळे होत नाही. ते सौम्य असते, एवढेच. देवाला वाहिलेली वस्तू आपल्याला पचतेच असेही नाही : महादेवाने हलाहल प्राशन केले, आपण करीत नाही. मुलाला हे सरळ सांगता आले असते, आणि ते त्याने मानले असते. आमच्या घरी आजी फोंड्याहून सून होऊन ग्वाल्हेरीस आली होती. शेवटपर्यंत तिची कोंकणी सुटली नाही. तिचा एक नियम होता : “भुरग्यांक फट सांगूं नये.” मुलांना खोटे सांगू नये. खरे लपवणे हेही त्या ‘फटी’तच येते, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या वाचकांकडून येणे स्वाभाविक आहे. भयाचा उपयोग आपल्या परंपरेनेही केला नाही काय? घरात मृत्यू झाला की दहा दिवस गरुडपुराण लावतात. त्यातील नरकांची वर्णने त्या अमेरिकन बोलपटाहून काय कमी भयंकर आहेत? आक्षेप खरा आहे. पण एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्या धर्मशास्त्राने पातक सांगितले, तेथे प्रायश्चित्तही सांगितले. सुरापान हे महापातकांत गणले, त्याचे प्रायश्चित्त कित्येक ठिकाणी आज अंगावर काटा यावा इतके कठोर दिले; परंतु पातक आहे आणि त्यातून सुटण्याचा विचारच नाही, असे शास्त्राने सोडून दिले नाही. त्या बोलपटात पातकांची यादी आहे, प्रायश्चित्ताचे पान फाडलेले आहे. जो मुलगा अद्याप त्या वाटेला गेला नाही, त्याला तो हसवतो. जो गेला आहे, त्याला फक्त एवढेच सांगतो की तुझे संपले.

हाच निकष आपल्या एका थोर कृतीला लावून पाहू. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. त्याच्या आदल्याच महिन्यात गडकरी निवर्तले होते. हे नाटकही इशाराच देते, आणि त्याचा शेवट काही कमी भीषण नाही : मूल जाते, सिंधू जाते, सुधाकर विष घेतो. तरी शंभर वर्षांत त्या शेवटाला कोणी हसले नाही. ह्याचे कारण गडकऱ्यांची भाषा आणि बालगंधर्वांची सिंधू एवढेच नव्हे. गडकरी साक्ष खोटी देत नाहीत. सुधाकर हा आमच्याच व्यवसायातला, बुद्धिमान, मानी वकील. सनद काही काळापुरती रद्द होते, तो अपमान सोसवत नाही, आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. त्या प्याल्याने सुधाकरला तेवढ्यापुरते बरे वाटते, हे गडकरी लपवत नाहीत. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात ते आपल्याला मनमुराद हसवतात. म्हणजे मद्याच्या बाजूचे म्हणणे ते पूर्ण मांडू देतात, आणि मगच निकाल देतात. दोन्ही बाजू ऐकून दिलेला निकाल म्हणून तो आपण मान्य करतो. अमेरिकन बोलपटात मात्र विडी ओढणाऱ्याला एका क्षणाचेही खरे सुख मिळालेले दिसत नाही. मग ती तो ओढतो तरी का, ह्याचे उत्तर पडद्यावर कोठेच नाही. मोहच नाकारला, तर मोहाविरुद्ध सांगण्यासारखे काय उरले?

आणखी एक फरक. त्या बोलपटात पाप परक्या बिऱ्हाडातून, परक्या माणसांच्या हातून येते. पालकांना तो आवडतो, आणि आम्हांसही निवडताना आवडला, तो ह्याच कारणाने. त्याने आमचे घर निर्दोष ठरवले. गडकऱ्यांचा तळीराम घरात वावरणारा, धन्याच्या पदरी असलेला कारकून आहे. आजही पहिली गोळी, पहिली खोकल्याच्या औषधाची बाटली, पहिला झुरका बहुधा ओळखीच्याच हातून येतो.

तथापि ‘एकच प्याला’लाही आमचा निकष पुरता उत्तीर्ण करीत नाही, हे आदर राखून म्हणावे लागते. सुधाकर एकदा मद्य सोडण्याचा निर्धार करतो, प्रतिष्ठितांच्या दारी काम मागायला जातो, आणि तेथून अवहेलना घेऊन परततो. मग पुन्हा प्याला. प्रेक्षकांची सहानुभूती सिंधूच्या अश्रूंकडे इतकी वळते की बंद झालेल्या त्या दारांकडे कोणी फारसे पाहत नाही. नाटकाने आपल्याला सोसणाऱ्या पत्नीला वंदन करायला शिकवले. परत येऊ पाहणाऱ्या माणसाला दार उघडायला शिकवले नाही. ते शिकवण्यास महाराष्ट्रात पुढे फार काळ जावा लागला. डॉ. अनिल अवचटांनी ‘गर्द’मध्ये ब्राऊन शुगरच्या विळख्यातील मुलांचे म्हणणे त्यांच्याजवळ बसून ऐकले आणि लिहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व त्यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांचे सहाय्य होते. तेथे व्यसनाला आजार म्हटले गेले आणि आलेल्याला माणूस. फाटलेले प्रायश्चित्ताचे पान पुन्हा जोडले गेले, ते हे असे.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहिणे टाळता आले नाही. ओळख पटेल असे काही सांगणार नाही. त्या संध्याकाळी सगळे हसत असता मागच्या रांगेतला एक तरुण हसत नव्हता, आणि तो मध्येच उठून गेला. ते आम्ही पाहिले, आणि त्याला कंटाळा आला असेल असे मानले. काही आठवड्यांनी एक बाई आमच्या कचेरीत आल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ त्यांनी एका जागेच्या वादाविषयी विचारले. तो वाद अस्तित्वातच नव्हता. मग हळूच म्हणाल्या, “वकीलसाहेब, मुलाला इस्पितळात नेले तर पोलिसांना कळवतात का?”

आम्ही त्यांना सांगितले की उपचार घेणे हा गुन्हा नव्हे. हेही सांगितले की त्याच १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याला त्या खटल्यातून संरक्षण मिळते, अट एवढीच की उपचार अर्धवट सोडता कामा नये. सरकारचा १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक ह्याच कामासाठी असल्याचेही आम्ही सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. उठताना फक्त एवढेच म्हणाल्या, “हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलेत? तो तिथेच बसला होता.”

त्या बोलपटावरची ह्याहून नेमकी समीक्षा आम्ही कोठे वाचलेली नाही. ‘आपल्या मुलांना सांगा’ हे त्याचे नाव अगदी योग्य होते. काय सांगायचे, तेवढे मात्र तो विसरला, आणि त्याच्या भरवशावर आम्हीही विसरलो. येत्या २६ जूनला मंडळात पडदा लागणार नाही. व्यसनातून बाहेर आलेला एक गृहस्थ आपली हकीकत सांगणार आहे, एक डॉक्टर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणार आहेत, आणि महाकालाच्या भांगेविषयी ज्याला विचारायचे असेल त्याला कोणी खाली बसवणार नाही. ते कलम आणि तो क्रमांक आम्ही सभेच्या आरंभीच सांगू. कारण मागच्या रांगेतला मुलगा शेवटपर्यंत थांबेलच, असे आता आम्ही गृहीत धरीत नाही.